केरीचा कर्णधार डिक फिट्झजेराल्ड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या क्रीडापानावर आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलवर, म्हणजे हात आणि पाय दोन्हींनी खेळायच्या तिथल्या देशी खेळावर, एक छोटे टिपण होते. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा खेळाडू डिक फिट्झजेराल्ड याचा थोडक्यात उल्लेख होता: पाच राष्ट्रीय पदके मिळवणारा आणि १९१४ साली या खेळाचे पहिले मार्गदर्शक पुस्तक लिहिणारा. त्या काळच्या लढतींचे निकाल आणि त्याची वळती किक यांचीही नोंद टिपणात होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या गावाचे नाव केरी. ‘केरीचा फिट्झजेराल्ड’ हे वाचून घरातले सगळे चमकले. हे केरी कुठले आणि हा माणूस कोण?
– कॉलेज विद्यार्थी, केरी-सत्तरी

उत्तर: गोव्यातच तीन केरी आहेत: तुमचे सत्तरीतले, पेडण्यातले आणि फोंड्यातले. फिट्झजेराल्डची केरी म्हणजे आयर्लंडच्या नैऋत्य टोकाची काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. आयर्लंड बेटावर अशा ३२ काउंट्या. केरीचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यापेक्षा थोडे मोठे. डिकचे गाव त्या काउंटीतले किलार्नी आणि त्याचा क्लब डॉक्टर क्रोक्स.

त्याचा जन्म १८८२ चा. काउंटीच्या संघातून खेळताना त्याने १९०३, १९०४, १९०९, १९१३ आणि १९१४ अशी पाच ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, विजेतेपदे मिळवली. शेवटच्या दोन्ही वर्षी तोच कर्णधार होता. १९०३ चे विजेतेपद हे केरीचे पहिलेच. आज २०२५ पर्यंतचा हिशेब ३९ विजेतेपदांवर पोचला आहे आणि दुसरी कोणतीही काउंटी त्याच्या जवळपास नाही. म्हणजे ज्या संघाने ही परंपरा सुरू केली त्याच संघातला हा माणूस.

आमच्या मते मात्र पदकांपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. त्याच्या कारकिर्दीतच हा खेळ बदलला. खेळाडू १७ चे १५ झाले, गोलाच्या बाजूचे जादा खांब गेले, आणि नुसत्या अंगबळावर चालणारा खेळ जागा राखून, नेम धरून खेळावा लागू लागला. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही खेळांत तो जिंकला. खालची बरीच उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात.

प्रश्न: धावफलक समजत नाही. १९१४ ची अंतिम लढत १-३ विरुद्ध ०-६ अशी झाली आणि ‘बरोबरी’ लिहिले आहे. शून्य गोल करणारा संघ बरोबरीत कसा?
– म्हापसा

उत्तर: पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. एक गोल म्हणजे तीन पॉइंट. चेंडू आडव्या बारच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, बारच्या वरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट. त्यामुळे केरीचे १-३ म्हणजे ३ + ३ = ६, वेक्सफर्डचे ०-६ म्हणजे ६. पुन्हा खेळवलेल्या सामन्यात केरी २-३, वेक्सफर्ड ०-६. इथे केरीचे ९ होतात, म्हणून केरी तीनने जिंकली. पॉइंटांचीच मोजदाद केली तर वेक्सफर्ड पुढे दिसेल, आणि नेमकी हीच चूक नवीन वाचकाकडून होते. सामन्याचा आकडा वाचताना आधी पहिल्या अंकाला तिनाने गुणायचे, मगच तुलना करायची.

जुने आकडे वाचताना एक काळजी घ्या. १८९२ ते १८९६ या काळात गोलाला पाच पॉइंट धरत. १८९६ पासून तीनच. फिट्झजेराल्डची सगळी कारकीर्द तीनच्या हिशेबात येते. २०२५ पासून मात्र ४० मीटरच्या कमानीबाहेरून किकने बारवरून मारलेल्या चेंडूला दोन पॉइंट मिळू लागले आहेत, त्यामुळे आजचे आणि तेव्हाचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

प्रश्न: १९०३ ची अंतिम लढत १९०५ साली झाली असे छापले आहे. छपाईची चूक ना?
– निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर: नाही सर, छापलेले बरोबर आहे. त्या काळात स्पर्धा ज्या वर्षाची त्या वर्षाच्या नावाने ओळखली जाई, ती पुरी केव्हाही होवो. प्रांतांच्या स्पर्धा रेंगाळत, निकालांवर हरकती येत, सामने पुन्हा खेळवले जात. १९०३ च्या स्पर्धेत तर केरी आणि किल्डेअर यांना तीनदा भिडावे लागले. जुलै १९०५ मध्ये टिपरेरी गावात केरी १-४, किल्डेअर १-३. पण गोलावरून वाद झाला आणि सामना पुन्हा घेण्याचा हुकूम निघाला. ऑगस्टमध्ये कॉर्कला केरी ०-७, किल्डेअर १-४. तिनाचा हिशेब लावा: सात-सात, बरोबरी. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा, पुन्हा कॉर्कला, केरीने ०-८ विरुद्ध ०-२ असा निकाल लावला. एवढ्यावरही संपले नाही. लंडनमधल्या आयरिश लोकांचा संघ थेट अंतिम फेरीत असे, त्यामुळे वरच्या तिन्ही लढती ‘घरच्या’ अंतिम फेरीच्या ठरल्या. नोव्हेंबरमध्ये लंडनला ०-११ विरुद्ध ०-३ हरवल्यावर केरी विजेती झाली.

या तीन लढतींनी गेलिक फुटबॉलला प्रेक्षक मिळवून दिला असे आयर्लंडमध्ये मानतात. आकडे पाहिले तर तिसऱ्या सामन्यापर्यंत केरीने काय सुधारले तेही दिसते: किल्डेअरला शेवटच्या सामन्यात एकही गोल नाही.

१९०४ ची लढत १९०६ मध्ये झाली आणि तीत केरीने डब्लिनला ०-५ विरुद्ध ०-२ हरवले.

प्रश्न: १९१० साली लाउथ काउंटी अंतिम सामना न खेळताच विजेती कशी झाली?
– वास्को

उत्तर: रेल्वेच्या तिकिटांवरून. केरीच्या संघाला आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या पाठीराख्यांना डब्लिनपर्यंतच्या प्रवासात सवलत द्यायला ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेने नकार दिला, आणि केरीने जायला नकार दिला. लाउथला पुढे चाल मिळाली. आदल्याच वर्षी, १९०९ च्या अंतिम सामन्यात, केरीने याच लाउथला १-९ विरुद्ध ०-६ हरवले होते. खेळाडूंना मानधन नव्हते, प्रवासाचा खर्च वर्गणीतून निघे. म्हणून भाड्याचा प्रश्न त्यांना मोठा होता. तरीही संघ गेला असता तर फिट्झजेराल्डच्या नावावर कदाचित सहावे पदक असते, आणि ही हळहळ किलार्नीला नक्की वाटली असणार.

प्रश्न: १७ खेळाडूंचे १५ झाल्याने एवढा काय फरक पडतो? दोनच तर कमी.
– क्लब प्रशिक्षक, मडगाव

उत्तर: मैदानावर दोन नाही, चार कमी होतात. ३४ चे ३०. आजच्या मापाचे १४० मीटर लांब, ८५ मीटर रुंद मैदान घेतले तर प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला आधी ३५० चौरस मीटर येत, आता जवळजवळ ४००. तुम्ही प्रशिक्षक आहात, हे ५० चौरस मीटर कुठे जातात ते तुम्हाला सांगायला नको: चेंडूभोवतीची गर्दी फुटते आणि कडेच्या खेळाडूसमोर मोकळी जागा उरते.

हा बदल १९१३ चा. तेव्हापासून आजपर्यंत रचना तीच आहे: एक गोली, त्याच्यापुढे तीन बचावपटू, त्यांच्यापुढे आणखी तीन, मध्यभागी दोन, मग आघाडीचे तीन आणि गोलासमोरचे तीन. कागदावर ती सरळ दिसते, पण तिचा कणा ते मधले दोघे आहेत. गोलीने मारलेला उंच चेंडू बहुतेक त्यांच्याच डोक्यावर येतो. त्यांना झेल घेता आला नाही तर पुढच्या सहा जणांपर्यंत चेंडू पोचतच नाही.

१९१३ ची अंतिम लढत केरीने वेक्सफर्डविरुद्ध २-२ विरुद्ध ०-३ अशी जिंकली. १९१४ ची वर आलीच. १९१५ मध्ये त्याच वेक्सफर्डने केरीला २-४ विरुद्ध २-१ हरवले आणि १९१८ पर्यंत सलग चार वेळा विजेतेपद मिळवले. म्हणजे १५ जणांचा खेळ केरीने आधी आत्मसात केला आणि वेक्सफर्डने लगेच त्यावर उत्तर शोधले. त्या तीन वर्षांत दोघांमधला फरक एकदा पाच, मग बरोबरी होऊन पुनर्लढतीत तीन, मग उलट बाजूने तीन. हे आकडे सलग वाचले की एक संघ दुसऱ्याला कसा गाठत गेला ते कळते.

आणखी एक. १९१३ मध्येच आर्चबिशप क्रोक यांच्या स्मारकनिधीसाठी केरी आणि लाउथ यांच्यात सामना झाला. तो बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या लढतीत केरीने २-४ विरुद्ध ०-५ विजय मिळवला. दोन्ही दिवशी डब्लिनच्या जोन्स रोडवर प्रचंड गर्दी लोटली. त्या वर्षअखेरीस ते मैदान गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने, म्हणजे या खेळाच्या संघटनेने, ३,५०० पौंडांना विकत घेतले. तेच आजचे क्रोक पार्क, ८२ हजार प्रेक्षकांचे. फिट्झजेराल्डच्या संघाने या मैदानाच्या पायात चार दगड घातले आहेत असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

प्रश्न: कडेवरून, अगदी अवघड कोनातून वळता चेंडू मारून फिट्झजेराल्ड पॉइंट काढत असे असे टिपणात होते. हे नेमके कसे होते? आमच्याकडे कॉर्नरवरून थेट गोल करणारे आहेत, तसेच का?
– साखळी

उत्तर: तत्त्व तेच, पण इथे काम वेगळे आहे. आधी कोन समजून घ्या. दोन खांबांमधले अंतर साडेसहा मीटर. समोर उभे राहिलात तर तेवढे सगळे दिसते. बाजूला सरकत गोलरेषेशी ३० अंशांच्या कोनावर आलात की तीच फट डोळ्यांना सव्वातीन मीटरची दिसते. १५ अंशांवर ती फक्त १.७ मीटर उरते. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. सरळ मारलेल्या चेंडूला या फटीतून जायचे तर चुकायला जागाच नाही. चेंडू वळवला तर तो आधी मैदानाच्या आतल्या अंगाने जातो आणि शेवटी गोलरेषेकडे वळतो. त्यामुळे फटीत शिरताना त्याचा कोन मोठा होतो आणि फट पुन्हा रुंद मिळते.

आता पायाचे. तुम्ही गोलाकडे तोंड करून मैदानाच्या उजव्या कडेला आहात आणि उजव्या पायाचे आहात. चेंडू डावीकडे निघणार आणि त्याला उजवीकडे, म्हणजे गोलरेषेकडे, वळायचे आहे. मग तडाखा चेंडूच्या डाव्या अर्ध्यावर, पायाच्या बाहेरच्या कडेने, करंगळीच्या बाजूने द्यावा लागतो. डाव्या कडेला याच्या उलट: पायाच्या आतल्या बाजूने. म्हणून उजव्या पायाच्या खेळाडूला डावी कड सोपी आणि उजवी अवघड. कॉर्नर मारताना तुमच्या मुलांना हे आपोआप जाणवलेले असते.

फरक उंचीचा आहे. कॉर्नरवरून गोल करायचा तर चेंडू बारच्या खाली उतरवायचा. इथे तो अडीच मीटरच्या बारवरून जायला हवा, वर कितीही. शिवाय चेंडू जमिनीवरून नाही, हातातून सोडून मारतात. तीच या किकची नाजूक बाजू. चेंडू हवेत उडवायचा नाही, ज्या पायाने मारायचे त्याच बाजूच्या हातातून अलगद सोडायचा. तो सोडताना हलला, फिरला, की तडाखा मधोमध बसतो आणि चेंडू सरळ बाहेर जातो. फारच कडेला बसला तर फिरकी भरपूर मिळते पण जोर जातो आणि चेंडू गोलीच्या हातात पडतो. अंग मागे झुकले की चेंडू उंच उडतो आणि वारा त्याला घेऊन जातो. सुरुवात १५–२० मीटरवरून, ४५ अंशांच्या कोनात करावी. दहापैकी सात बसू लागल्यावरच एकेक पाऊल कडेला सरकावे.

फिट्झजेराल्डची ही किक इतकी गाजली त्याला नियमाचेही कारण आहे. १९१० पर्यंत गोलाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक खांब असे आणि त्या बाजूच्या फटीतून गेलेल्या चेंडूलाही पॉइंट मिळे. त्या वर्षी ते बाजूचे खांब काढले आणि आजचा इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा सांगाडा आला. पॉइंटाची जागा एकदम अरुंद झाली. ज्याचा नेम मोघम होता तो मागे पडला, ज्याच्या पायात वळण होते त्याची किंमत वाढली.

प्रश्न: तेव्हाचा चेंडू कसा असे? आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वेळचा नाडीवाला चामडी फुटबॉल आहे. तो त्यासारखाच का?
– कुडचडे

उत्तर: बांधणी तीच. चामड्याच्या पट्ट्या शिवलेले बाहेरचे कवच, आत रबरी ब्लॅडर, आणि कवचाला एक चीर जी चामडी नाडीने बांधून बंद करायची. माळ्यावरचा चेंडू खाली काढलात तर एकदा त्याची नाडी सोडून बघा, म्हणजे त्या काळचा अर्धा खेळ समजेल.

चेंडू तयार करण्याचा क्रम असा. ब्लॅडर घडी करून चिरेतून आत सरकवायचे, त्याचे नळकांडे बाहेर ठेवायचे. आधी अर्धे फुगवून कवचात नीट बसले का ते चाचपायचे, मग पुरे फुगवायचे. नळकांडे दुमडून दोऱ्याने घट्ट बांधायचे, कवच आणि ब्लॅडर यांच्यामध्ये सपाट दाबायचे, आणि मग जाड बोथट सुईने नाडी ओवून चीर मिटवायची. गफलत बहुतेक त्या नळकांड्याशीच होते. ते एका जागी गोळा झाले तर चेंडूला आवाळू येते, एक बाजू जड होते आणि हवेत चेंडू डगमगतो. नाडी ढिली राहिली तर त्याच जागी फुगवटा येतो. फार आवळली तर चीर आत खेचली जाते आणि उसळी वाकडी येते.

या चेंडूचा मोठा शत्रू पाणी. चामडे पाणी पिते, चेंडू जड होत जातो आणि दुसऱ्या अर्ध्यात किक तेवढ्या लांब जात नाहीत. केरीत पाऊस वर्षभर पडतो. आपल्याकडे जून-जुलैत खेळलेल्या जुन्या मंडळींना हा अनुभव पाठ असेल. उपाय एकच: सुक्या चेंडूला सामन्याच्या आदल्या दिवशी चरबी किंवा मेण चोळायचे, शिवणीत जास्त. ओल्या चेंडूला चोळले तर पाणी आतच कोंडते आणि शिवण कुजते. ओला चेंडू उन्हात किंवा चुलीशी वाळवू नये. चामडे कडक होऊन तडकते. सावलीत, वाऱ्यावर, थोडी हवा काढून ठेवावा.

गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हाताने झेलायचा असल्याने नाडीचा त्रास जास्त. उंचावरून येणारा ओला चेंडू नाडीच्या बाजूने तळहातावर बसला की साल निघे. आजचा चेंडू ४८० ते ५०० ग्रॅम आणि ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा असतो. आपला ५ नंबरचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅम. म्हणजे आकार जवळजवळ तोच, वजन थोडे जास्त.

प्रश्न: तेव्हाचा गेलिक खेळाडू शनिवारी साधा फुटबॉल आणि रविवारी गेलिक असे दोन्ही खेळू शके का? आमच्याकडे मुले सकाळी क्रिकेट, संध्याकाळी फुटबॉल खेळतात.
– पणजी

उत्तर: नाही. असोसिएशन फुटबॉल (म्हणजे आपला साधा फुटबॉल), रग्बी, हॉकी आणि क्रिकेट हे ‘परकीय’ खेळ मानले जात आणि ते खेळणाऱ्याला गेलिक संघटनेतून बाहेर काढले जाई. ही बंदी १९७१ साली उठली. संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावात स्थापन झाली ती इंग्रजी अमलाखाली देशी खेळ टिकवण्यासाठी. त्याच्या एकच वर्ष आधी, १८८३ मध्ये, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. एका वर्षाच्या अंतराने एकीकडे इंग्रजी खेळ गावात रुजला आणि दुसरीकडे त्याच्याविरुद्ध देशी खेळाची संघटना उभी राहिली. गावपातळीवरची बांधणी मात्र आश्चर्य वाटावे इतकी सारखी: तिथेही क्लब म्हणजे एक फिर्गज (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती), आणि सामना रविवारी.

प्रश्न: फिट्झजेराल्ड तुरुंगात होता म्हणतात. कशासाठी?
– डिचोली

उत्तर: तो आयरिश व्हॉलंटिअर्स या राष्ट्रवादी स्वयंसेवक दलात होता. एप्रिल १९१६ च्या, इंग्रजी अमलाविरुद्धच्या ईस्टर उठावानंतर देशभर धरपकड झाली आणि त्याला वेल्समधल्या फ्रॉनगॉख छावणीत स्थानबद्ध केले. पूर्वी दारूचा कारखाना असलेल्या त्या जागेत सुमारे १,८०० आयरिश कैदी होते. तिथल्या मैदानाला कैद्यांनी क्रोक पार्क असे नाव दिले, काउंटीवार संघ केले आणि आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन यांच्या नावाने स्पर्धा भरवली. अंतिम सामन्यात केरीने लाउथला एका पॉइंटने हरवले. केरीचा कर्णधार फिट्झजेराल्डच होता.

प्रश्न: त्याचा शेवट कसा झाला? त्याच्या नावाचे काही स्मारक आहे का?
– काणकोण

उत्तर: सप्टेंबर १९३० मध्ये किलार्नीच्या न्यायालयाच्या छपरावरून पडून तो वारला. ऑल-आयर्लंडचा अंतिम सामना दोन दिवसांवर होता. केरीचा संघ तशाच मनःस्थितीत उतरला आणि मोनाहनला ३-११ विरुद्ध ०-२ हरवून आला. त्याच्या नावाचे फिट्झजेराल्ड स्टेडियम किलार्नीत १९३६ साली सुरू झाले. आजही केरीचे मोठे सामने तिथे होतात.

प्रश्न: मी हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवते. भात कापून झाल्यावर आमची मुले मोकळ्या शेतात फुटबॉल खेळतात. फिट्झजेराल्डच्या काळचा खेळ त्यांना तासाभरात दाखवता येईल का? काय लागेल?
– शिक्षिका, सांगे

उत्तर: येईल, मॅडम, आणि खर्च फारसा नाही. तुमच्याकडचा फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच असतो. हवे असते ते साडेसहा आणि अडीच, म्हणजे खालचा भाग आहे तसा चालेल. फक्त दोन्ही खांब वर वाढवायचे. पाच-सहा मीटरचे सरळ, वाळलेले दोन बांबू घ्या. बुंधा खांबाला लागून जमिनीत दीड-दोन फूट पुरा आणि भोवती चिऱ्याचे तुकडे ठोकून माती दाबा. खांबाला तीन ठिकाणी बांधा. लोखंडी पाइपावर नायलॉनची दोरी सरकते, म्हणून आधी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर दोरी आवळा. दोनच ठिकाणी बांधले तर वाऱ्याने बांबू फिरतो. बारला लोंबकळायला मुलांना सक्त मनाई करा.

चेंडू बारा वर्षांपर्यंत ४ नंबरचा, पुढच्यांना ५ नंबरचा. व्हॉलीबॉल नको, तो २६०–२८० ग्रॅमचा, वाऱ्यावर जातो आणि किकचा अंदाज बिघडवतो. अर्धे मैदान, नऊ-नऊ जण, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव.

आजच्या खेळात खेळाडू पळता पळता चेंडू पायाच्या बोटांवरून पुन्हा हातात घेत जातो. ही युक्ती १९२१ च्या सुमारास मेयो काउंटीच्या शॉन लॅव्हनने रूढ केली असे मानतात. म्हणजे फिट्झजेराल्डच्या विजेतेपदांच्या काळात ती नव्हती. तेव्हा ती बंदच ठेवा. मुलांना चारच गोष्टी शिकवा.

पहिली, उचलणे. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने घ्यायचा नाही. टेकायचा पाय चेंडूच्या बाजूला, गुडघे वाकवून, हात जमिनीजवळ. दुसऱ्या पायाचा अंगठा चेंडूखाली सारून त्याला हातात चढवायचे. मुले टेकायचा पाय मागे ठेवतात, मग चेंडू पुढे लाथाडला जातो. हात कमरेशी ठेवतात, मग चेंडू पोटावर आपटतो. कापणीनंतरच्या शेतात भाताचे खुंट असतील तर अंगठा अडकतो. निदान गोलासमोरचा पट्टा साफ करून घ्या.

दुसरी, उंच झेल. एका पायावर उडी, दोन्ही अंगठे जवळ, बोटे पसरलेली, आणि चेंडू हातात येताच छातीशी. डोळे मिटणे ही सर्वांत नेहमीची चूक. आधी मुलांनी स्वतःच चेंडू वर टाकून झेलावा, मग जोडीने.

तिसरी, मुठीने पास. चेंडू एका तळहातावर, दुसऱ्या हाताची मूठ त्याला स्पष्ट आदळली पाहिजे. नुसता फेकला तर फाउल. तुम्ही शिट्टी सर्वांत जास्त इथेच वाजवाल.

चौथी, हातातून सोडून किक. तिचे वर्णन साखळीच्या वाचकाला दिले आहेच. मुलांसाठी वळण सोडून द्या, समोरून २० मीटरवरून सरळ मारू द्या.

चेंडू हातात घेऊन चारच पावले, मग पास किंवा किक. हा आजचा नियम आहे, मुलांसाठी सोपा म्हणून ठेवा. खांद्याला खांदा लावून बाजूने ढकलणे चालते. समोरून, मागून किंवा शर्ट ओढून नाही. धावफलकावर गोल आणि पॉइंट वेगवेगळे लिहा आणि शेवटची बेरीज मुलांनाच करायला लावा. पहिल्या दिवशी गोल कमी आणि पॉइंट जास्त होतील, कारण किक उंच जातात. ज्या मुलाला आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू बारवरून गेल्याबद्दल ओरडा बसतो त्याला इथे पॉइंट मिळेल.